परदेशातील शिक्षकी मिळवून देणारी कोल्हापुरातील सेवा : कागदपत्रांत चोख, माहितीत उणी

हे परीक्षण कोल्हापुरातील एका नियुक्तिसेवेचे आहे. गणित, विज्ञान, इंग्रजी, वाणिज्य अशा विषयांच्या शिक्षकांना परदेशातील शाळांत नेमणूक मिळवून देणे, त्यासाठी लागणारी कागदपत्रे तयार करून देणे आणि शिक्षक तिथे पोहोचेपर्यंत त्याला साहाय्य करणे, असे या सेवेचे स्वरूप आहे. तिच्यामार्फत मी मालदीवमधील एका बेटावरच्या सरकारी शाळेत गणिताची शिक्षिका म्हणून गेले, करार पूर्ण केला, तो पुढे वाढवूनही घेतला आणि आता कोल्हापुरात परतले आहे. सेवेचे नाव मी येथे देत नाही. तिच्यातील ज्या उणिवा मला सांगायच्या आहेत त्या एका कार्यालयाविरुद्धची तक्रार म्हणून वाचल्या जाऊ नयेत. परदेशी जाऊ इच्छिणाऱ्या शिक्षकाने अशा कोणत्याही सेवेकडून काय मागून घ्यावे, हे त्यांतून कळावे, एवढीच इच्छा आहे. परदेशी शिक्षकाचे जगणे कसे असते हे सांगितल्याशिवाय या सेवेचे मोल ठरवता येणार नाही, कारण ती जे पैसे घेते ते अखेर त्या जगण्यात प्रवेश मिळवून देण्याचे असतात.

आपल्याकडचा शिक्षक परदेशाचा विचार का करतो हे कोल्हापूर जिल्ह्यात कोणाला समजावून सांगावे लागणार नाही. बी.एड. झाल्यावर टीईटी, मग अभियोग्यता चाचणी, मग पवित्र पोर्टलवरील भरतीची वाट पाहणे, आणि तोवर विनाअनुदानित शाळेत किंवा तासिका तत्त्वावर शिकवणे, हा क्रम घरोघरी ठाऊक आहे. शिक्षणसेवकांचे मानधन २०२३ मध्ये वाढले, तेव्हा माध्यमिक शाळेसाठी ते दरमहा ८,००० रुपयांवरून १८,००० रुपये झाले. पण ही रक्कम नेमणूक मिळालेल्यांची. याहूनही कमी पैशांत वर्षानुवर्षे मन लावून शिकवणारी माणसे मी जवळून पाहिली आहेत. त्यांना परदेशातील नोकरीची आशा दाखवणाऱ्या सेवेवर म्हणूनच मोठी जबाबदारी येते.

या सेवेचे खरे बळ कागदपत्रांत आहे आणि त्याबद्दल तिचे मनापासून कौतुक केले पाहिजे. ज्याने हे काम स्वतः कधी केलेले नाही त्याला त्यातील किचकटपणाची कल्पना येणार नाही. शिवाजी विद्यापीठातून पदवी घेतली म्हणजे हातात पदवी प्रमाणपत्र असतेच असे नाही. अनेकांनी दीक्षान्त समारंभासाठी अर्जच केलेला नसतो आणि तात्पुरत्या प्रमाणपत्रावर त्यांची गावातील नोकरी चालू असते. परदेशी शाळेला मूळ पदवी प्रमाणपत्र लागते, त्यावर राज्य शासनाचे आणि त्यानंतर परराष्ट्र मंत्रालयाचे साक्षांकन लागते, आणि पुढची पायरी देशागणिक बदलते. एका देशाचे कागद दुसऱ्या सदस्य देशात एकाच शिक्क्यावर मान्य व्हावेत यासाठी अपोस्टील नावाचा आंतरराष्ट्रीय करार आहे; भारत २००५ पासून त्याचा सदस्य असल्यामुळे ओमानसारख्या सदस्य देशात जाणाऱ्याचे काम परराष्ट्र मंत्रालयाच्या अपोस्टीलवर भागते. संयुक्त अरब अमिराती त्या करारात नसल्यामुळे तिथे जाणाऱ्याला त्या देशाच्या दूतावासाचे साक्षांकनही घ्यावे लागते. कोणत्या देशासाठी कोणता शिक्का, कोणत्या क्रमाने आणि किती दिवस आधी, हे या कार्यालयातील लोकांना पाठ आहे.

त्यातही त्यांनी एक गोष्ट अशी सांभाळली की तिच्यासाठी मी त्यांचे आभार मानते. ती म्हणजे नावांचा मेळ. आपल्या गुणपत्रिकेवर आधी आडनाव, मग स्वतःचे नाव, मग वडिलांचे नाव आणि वेगळ्या ओळीत आईचे नाव असते. पासपोर्टवर आडनावाचा रकाना वेगळा आणि उरलेले नाव वेगळ्या रकान्यात. स्त्रीचे लग्न झाले असेल तर दहावी ते बी.एड. हे सगळे माहेरच्या नावाने, पासपोर्ट आणि आधार सासरच्या नावाने, आणि अनुभवाची प्रमाणपत्रे निम्मी एका नावाची, निम्मी दुसऱ्या. परदेशातील कारकुनाच्या दृष्टीने या तीन निरनिराळ्या स्त्रिया असतात. कार्यालयातील मॅडमनी माझी सगळी कागदपत्रे पुढ्यात घेऊन नावांचा तक्ता केला, विवाह नोंदणी प्रमाणपत्र कुठे पुरेल, राजपत्रातील नावबदलाची प्रत कुठे लागेल आणि प्रतिज्ञापत्र कुठे करावे लागेल हे आखून दिले, आणि पुढे संपूर्ण काळात नावावरून माझा एकही कागद परत आला नाही. माझ्या ओळखीच्या एका शिक्षिकेने हेच काम दुसरीकडून करून घेतले होते. तिचा एक कागद केवळ मधल्या नावासाठी अडला आणि शाळा सुरू होऊन गेल्यावर तिला रुजू होता आले. विवाहित शिक्षिकांनी कोणत्याही सेवेची पारख आधी या एका मुद्द्यावर करावी असे मला वाटते.

मुलाखतीच्या तयारीबद्दल मात्र असे म्हणता येत नाही. त्यांचा सगळा भर इंग्रजी उच्चारांवर, पोशाखावर आणि पडद्यासमोर कसे बसावे यावर होता. सेमी इंग्रजीच्या वर्गांना गणित शिकवलेल्या शिक्षकाला वर्गापुरते इंग्रजी येत असते. त्याला अडचण येते ती अभ्यासक्रमाची. मालदीवमधील मुले दहावीच्या सुमारास केंब्रिजच्या परीक्षांना बसतात आणि त्या अभ्यासक्रमातील काही भाग आपल्या माध्यमिक शालान्त परीक्षेत नाहीच. उदाहरणार्थ, उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने तीन अंकांत मोजायचे दिशाकोन, ज्यांना तिथे बेअरिंग म्हणतात, ते मी कोल्हापुरात कधी शिकवले नव्हते. हा अभ्यासक्रम आणि मागील प्रश्नपत्रिका केंब्रिजच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येतात. सेवेने त्या उमेदवाराच्या हाती ठेवल्या असत्या तर निघण्यापूर्वीचे कितीतरी आठवडे उपयोगी लागले असते.

पैशांच्या बाबतीतील उणीव याहून गंभीर आहे. करारात पगार रुफिया या मालदीवच्या चलनात लिहिलेला असतो. सेवेच्या कार्यालयात उमेदवाराला जो तक्ता दाखवला जातो त्यात ती रक्कम अधिकृत दराने रुपयांत मांडलेली असते, आणि विनाअनुदानित शाळेतील पगाराशी तिची तुलना केली की माणूस तिथल्या तिथे होकार देतो. तक्त्यातील गुणाकार चुकीचा नसतो. परंतु रुफियाचा डॉलरशी दर २०११ पासून १५.४२ च्या आसपास स्थिर ठेवलेला आहे आणि त्या दराने हवे तेवढे डॉलर सर्वांना मिळत नाहीत. देशाचे परकीय चलन मुख्यतः पर्यटनातून आणि काही प्रमाणात मासळीच्या निर्यातीतून येते; तांदूळ, पीठ, कांदे-बटाटे, औषधे, इंधन हे जवळजवळ सगळे बाहेरून आणावे लागते. त्यामुळे डॉलरची ओढाताण कायमची आहे, परदेशी कामगारांनी दरमहा किती रक्कम मायदेशी पाठवावी यावर बँका मर्यादा घालतात आणि ती मर्यादा वेळोवेळी बदलते. उरलेली रक्कम पाठवायची तर बाहेरून महाग डॉलर घ्यावे लागतात, किंवा मायदेशी जाणाऱ्या सहकाऱ्याशी परस्पर विश्वासावर व्यवहार करावा लागतो, ज्यात धोका असतो. ज्या शिक्षकाने कोल्हापुरात घराचा किंवा बहिणीच्या लग्नाचा हप्ता बांधून घेतला आहे त्याच्यासाठी पगार किती यापेक्षा दरमहा हमखास किती पाठवता येईल हा प्रश्न मोठा असतो. हप्ता रुपयांत असतो, ठरलेल्या तारखेला असतो, आणि रुफिया तिथल्या खात्यात साठून राहिल्याने तो भरला जात नाही. हे सेवेला ठाऊक नव्हते असे मी मानू शकत नाही, कारण तिच्यामार्फत आधी गेलेल्या शिक्षकांनी मला पहिल्याच आठवड्यात हे सांगितले.

एकंदरीत सेवेचे वागणे असे आहे, की स्थळ सुचवणाऱ्याने मुलाचा पगार सांगावा, घराचा फोटो दाखवावा आणि घरात माणसे कशी आहेत, पाणी कुठून येते, हे मात्र सांगू नये. तिथे जाणाऱ्याला नेमक्या याच गोष्टी आधी कळायला हव्यात.

मालदीवमध्ये सुमारे १,२०० बेटे आहेत आणि त्यांपैकी दोनशेहून कमी बेटांवर वस्ती आहे. जाहिरातीत दिसतात ती पर्यटकांची बेटे वेगळी असतात. शाळेचे बेट म्हणजे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पायी सहज जाता येईल असे गाव, मधोमध शाळा, आरोग्य केंद्र, मशीद, बंदर आणि दोन-चार दुकाने. करारातील निवासाच्या कलमात एवढेच लिहिलेले असते की निवास किंवा निवासभत्ता मिळेल. प्रत्यक्षात मला दोन केरळी शिक्षिकांबरोबर एका घराचा मागचा भाग मिळाला. त्या दोघी माझ्यापेक्षा वयाने मोठ्या आणि तिथे मुरलेल्या होत्या. पावसाचे पाणी टाकीत कसे साठवायचे, पिण्याचे पाणी कुठले, राजधानी मालेहून भाजी घेऊन येणारी बोट कोणत्या दिवशी लागते, हे सगळे त्यांनी शिकवले. त्यांच्याऐवजी दुसरी माणसे वाट्याला आली असती तर माझा अनुभव निराळा झाला असता, आणि इतकी महत्त्वाची गोष्ट नशिबावर सोडणे मला पटत नाही. परगावच्या विद्यार्थ्याच्या राहण्याची सोय हा शिक्षणाचाच भाग आहे हे ओळखून शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात वसतिगृहे उभी केली. शिक्षक परगावी जातो तेव्हा त्याच्या राहण्याची चौकशी हाही नेमणुकीचाच भाग आहे, आणि कोल्हापुरात काम करणाऱ्या सेवेने तरी तो सोडून देऊ नये.

जेवणाचे थोडक्यात सांगते. ट्यूना मासा, नारळ आणि रोशी नावाची मैद्याची पोळी यांवर तिथले जेवण उभे आहे. किसलेले खोबरे, कांदा, मिरची आणि लिंबू घालून केलेला माशांचा मासहुनी हा न्याहारीचा पदार्थ मला मनापासून आवडला आणि अजूनही मी तो घरी करते. ताजे दूध मिळत नाही, दुधाची भुकटी वापरावी लागते, आणि धारोष्ण दुधाच्या गावातून गेलेल्या माणसाला ते जड जाते. कांदा-लसूण मसाला सोबत न्यावाच. मात्र आखाती देशांत जाणाऱ्यांनी घरच्या मसाल्यात खसखस आहे का हे तपासावे, कारण संयुक्त अरब अमिराती आणि सौदी अरेबियात खसखस नेण्यास बंदी आहे आणि कोल्हापुरी मसाल्यात ती बहुधा असते. ही सूचना मला सेवेच्या छापील पत्रकात कुठेही दिसली नाही.

त्याच पत्रकात नसलेली आणखी एक गोष्ट धर्माची आहे. मालदीवचा राज्यधर्म इस्लाम आहे, इतर धर्मीयांना तिथे सार्वजनिक उपासना करता येत नाही आणि पूजेच्या मूर्ती देशात आणता येत नाहीत. हा त्या देशाचा कायदा आहे, तो मान्य करूनच तिथे जायचे असते आणि त्याबद्दल माझी काहीही तक्रार नाही. पण देव्हाऱ्यातील लहान गणपती बरोबर घेऊन निघणारी शिक्षिका विमानतळावर अडचणीत येऊ शकते, हे तिला कोल्हापुरातच कळायला हवे. मला ते कळले, कारण निघण्यापूर्वी तिथल्या एका शिक्षिकेशी फोनवर बोलणे झाले होते. गणेशोत्सवात मंगळवार पेठेतील आरती फोनवर पाहायची आणि सकाळी शाळेत जायचे, हे सुरुवातीला फार अवघड वाटले. नवरात्रात अंबाबाईच्या देवळातील गर्दीची आठवण येऊन मी रडलेही आहे. सुट्टीचे दिवस शुक्रवार आणि शनिवार असल्यामुळे रविवारी घरी सगळे एकत्र जमत तेव्हा मी वर्गात असे. वर्षभर घरच्यांशी वेळ न जुळण्याचे दुःख सणाच्या दुःखापेक्षा लहान नसते.

हे सगळे असूनही मी करार वाढवून घेतला, याचे कारण वर्ग होता. सेवेच्या पत्रकात वर्गाविषयी एक ओळ आहे आणि तीही शाळेची वेळ सांगणारी. खरे तर तिथे जाण्याचे सर्वांत चांगले कारण तेच आहे आणि सेवेला ते सांगता आलेले नाही. कोल्हापुरात मी साठ-साठ मुलांच्या वर्गाला शिकवले होते. तिथे माझ्या दहावीच्या वर्गात त्याच्या एक तृतीयांशही मुले नव्हती. प्रत्येकाची वही रोज पाहता येते, कोण कोणत्या पायरीवर अडतो हे नावानिशी लक्षात राहते, आणि संध्याकाळी बंदरावर फिरताना त्याच मुलाचे वडील भेटून अभ्यासाची चौकशी करतात. इस्लाम आणि दिवेही ही तिथली भाषा, हे विषय स्थानिक शिक्षक शिकवतात. दिवेहीची थाना लिपी उजवीकडून डावीकडे लिहिली जाते आणि माझे गणित डावीकडून उजवीकडे. एकाच दिवसात त्याच फळ्यावर दोन्ही दिशांनी लिहिणारी ती मुले माझ्या तासाला वही सरळ करून बसत, तेव्हा मला त्यांचे कौतुक वाटे.

ज्या बेअरिंगच्या प्रकरणाची मला निघताना भीती वाटली होती तेच माझे सर्वांत आवडते प्रकरण झाले. तिथला ट्यूना मुख्यतः गळाने, एकेक करून पकडला जातो. मुलांचे वडील, काका, आजोबा समुद्रावर जाणारे असतात आणि धोणी नावाच्या त्यांच्या होड्या कोणत्या दिशेने निघतात हे मुलांना लहानपणापासून माहीत असते. वर्गात आकृती काढताना अडखळणारा एक मुलगा बंदराच्या धक्क्यावर उभा राहून समोरच्या बेटाची दिशा अचूक अंशांत सांगू शकला. त्यानंतर मी मुख्याध्यापकांची परवानगी घेऊन ते संपूर्ण प्रकरण धक्क्यावरच शिकवले. मी या मुलांना आकृती आणि त्रिकोणमिती दिली, त्यांनी मला समुद्र वाचायला शिकवले. शिक्षकाच्या आयुष्यात असे तास फार थोडे येतात, आणि परदेशी असल्यामुळेच माझ्या वाट्याला ते आले, कारण त्या मुलांना जे रोजचे होते ते मला नवे होते आणि मी ते विचारल्याशिवाय राहू शकत नव्हते. ५ ऑक्टोबरला तिथे शिक्षक दिन साजरा होतो. त्या दिवशी पालक घरी केलेले खाद्यपदार्थ शाळेत घेऊन येतात आणि बाहेरून आलेल्या शिक्षकांना आधी वाढतात. हा मान मनापासूनचा असतो.

तरीही परदेशी शिक्षक तिथे कायम उपरा असतो, आणि हे दुःख माणसांच्या वागण्यातून येत नाही, व्यवस्थेतून येते. व्हिसा नोकरीला बांधलेला, नोकरी कराराला बांधलेली, आणि करार मुदतीचा. आठवीच्या वर्गात जे मूल हाती घेतले त्याला दहावीपर्यंत नेता येईल की नाही याची खात्री शिक्षकाला देता येत नाही, म्हणून तो लांब पल्ल्याचे काही मनात धरायला कचरतो. शाळेच्या बैठकीत त्याचे म्हणणे ऐकून घेतले जाते, पण धोरण ठरवण्यात त्याचा वाटा नसतो. परत आल्यावर इथल्या शाळेच्या सेवाज्येष्ठतेत त्या वर्षांना जागा नसते. बरोबरीचे सहकारी दरम्यान कायम झालेले असतात. जाणाऱ्याने हे आधी तोलून पाहावे आणि सेवेनेही ते लपवू नये, कारण ज्याला हे सांगूनही जायचे आहे तोच तिथे टिकतो.

२०२४ च्या जानेवारीत समाजमाध्यमांवर भारत आणि मालदीव यांच्यात जो वाद पेटला त्या वेळी मी तिथेच होते. कोल्हापुरातून दररोज काळजीचे फोन येत होते. बेटावर मला एकही कडवट शब्द ऐकावा लागला नाही. उलट घरमालकिणीने आपणहून येऊन घाबरू नको असे सांगितले. माझी अपेक्षा एवढीच होती की सेवेने आपल्या शिक्षकांना एखादा संदेश पाठवून विचारपूस करावी, दूतावासाशी संपर्क कसा साधावा हे कळवावे. तसे काही झाले नाही.

सेवेची खरी परीक्षा त्यानंतर काही महिन्यांनी झाली. माझ्या वडिलांना अचानक रुग्णालयात दाखल करावे लागले. नैऋत्य मोसमी वाऱ्यांचा काळ होता, समुद्र खवळलेला होता आणि मालेकडे जाणारी नेहमीची बोट रद्द झाली होती. तातडीच्या रजेचे कलम करारात होते, पण रजा मंजूर होण्यासाठी नेमके काय जोडायचे हे विचारण्यासाठी मी कोल्हापूरच्या कार्यालयाला फोन केला, तेव्हा रुजू झाल्यानंतरच्या बाबी आमच्याकडे येत नाहीत असे उत्तर मिळाले. ते उत्तर त्यांच्या अटींना धरून होते. मला तो प्रसंग बेटावरच्या माणसांनी पार पाडून दिला: मुख्याध्यापकांनी रजेचा कागद स्वतः पुढे पाठवला, एका विद्यार्थ्याच्या वडिलांनी दुसऱ्या दिवशी निघणाऱ्या स्पीडबोटीत जागा मिळवून दिली, आणि माले, मुंबई असा प्रवास करून रात्रीच्या महालक्ष्मी एक्स्प्रेसने मी कोल्हापुरात पोहोचले. वडील बरे झाले. कार्यालयाकडून पैशांची किंवा तिकिटाची मदत मला नको होती. कोणता कागद कोणाला पाठवायचा हे सांगणारा एक माणूस हवा होता, आणि असा माणूस त्या कार्यालयात आहे हे मला नावांच्या तक्त्यापासून माहीत होते. म्हणून ते उत्तर अधिक लागले.

याच सेवेतून ओमानमधील भारतीय शाळेत गेलेल्या एका मित्राचा अनुभव वेगळा आहे. तिथे सीबीएसईचा अभ्यासक्रम, भारतीय विद्यार्थी, आसपास मराठी कुटुंबे आणि सण साजरे करणारी मंडळे असतात. एकटेपणा कमी, पण वर्ग मोठे आणि कामाचा ताण आपल्याकडच्यासारखाच. त्याच्या दृष्टीने सेवेची माहिती पुरेशी होती, कारण त्याला नवे असे थोडेच शिकायचे होते. ज्याला परदेशात राहूनही ओळखीच्या वातावरणात शिकवायचे आहे त्याच्यासाठी ही सेवा आज आहे तशीही चांगली म्हणता येईल. ज्याला खरोखर दुसऱ्या देशाच्या मुलांना शिकवायचे आहे त्याला मात्र कागदपत्रांपलीकडे स्वतःच पाहावे लागेल.

मी या सेवेला पाचपैकी तीन गुण देते आणि ते सगळे कागदपत्रांचे व व्यवहारातील सचोटीचे आहेत. परदेशी नोकरीसाठी माणसे पाठवणाऱ्याला १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली परराष्ट्र मंत्रालयाचा परवाना लागतो. तो क्रमांक त्यांनी विचारल्याबरोबर दाखवला आणि ई-मायग्रेट पोर्टलवर तो मला पडताळता आला. परवानाधारक एजंटाला उमेदवाराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावरील जीएसटी एवढेच सेवाशुल्क घेता येते. त्यांनी त्या मर्यादेत पैसे घेतले आणि पक्की पावती दिली. याहून अधिक मागणाऱ्या, पावती टाळणाऱ्या किंवा पर्यटक व्हिसावर आधी जा आणि मग नोकरीचे पाहू असे सांगणाऱ्या माणसाकडे शिक्षकांनी थांबूच नये.

या सेवेकडे जाणार असाल तर पैसे भरण्यापूर्वी तीन गोष्टी लेखी मागून घ्या: ज्या शाळेत जायचे आहे तिथे सध्या काम करणाऱ्या एका भारतीय शिक्षकाशी बोलणे, दरमहा किती रक्कम मायदेशी पाठवता येते याची आजची स्थिती, आणि रुजू झाल्यानंतर अडचण आल्यास कार्यालयातील कोणाशी बोलायचे त्याचे नाव. पहिली गोष्ट मिळाली तर बाकीच्या बहुतेक गोष्टी त्या शिक्षकाकडूनच कळतील. पदवी प्रमाणपत्राचा अर्ज केला नसेल तर तो आधी करा, कारण त्याला लागणारा वेळ कोणतीही सेवा कमी करू शकत नाही. पहिल्या भेटीला मूळ कागदपत्रे केवळ दाखवण्यापुरती न्या, छायाप्रती द्या, आणि साक्षांकनासाठी मूळ प्रती सोपवाल त्या दिवशी प्रत्येक कागदाचे नाव व क्रमांक लिहिलेली, सहीशिक्क्याची पोच घेतल्याशिवाय कार्यालयातून उठू नका.